कयाकमध्ये टोपी डोक्यावर टिकत नाही, त्याचं काय करायचं?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यात मी आजवर तीन टोप्या घालवल्या. दर रविवारी सकाळी आमच्या सहा-सात कयाक, म्हणजे बसून वल्हवायच्या अरुंद होड्या, उतरतात आणि महिन्यातून एकदा तरी कोणीतरी "गेली, गेली!" म्हणून ओरडतंच. मग सगळे उलटी वल्ही मारत मागे. गटात नवीन आलेला प्रत्येक जण मला हमखास विचारतो, "ताई, ऊन आणि पाऊस दोन्हीला चालेल अशी एक चांगली टोपी सांगा ना." पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत फिरत होते. जे जे घेतलं ते उडालं, गळलं, नाहीतर डोळ्यांवर येऊन बसलं.

आता मी त्यांनाच विचारते, आधीची टोपी नेमकी कशाने वाया गेली? टोपीची दुखणी मोजकी आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. कड रुंद घेतली तर ऊन अडतं, पण तीच कड वारा धरते. पाणी न शिरणारं कापड घेतलं तर पाऊस अडतो आणि डोकं घामाने भिजतं. त्यामुळे दुकानात जाण्याआधी आपलं दुखणं कोणतं ते ओळखा.

टोपी सारखी पुढे सरकून डोळ्यांवर येते

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिचं कारण टोपीत नसतंच. टोपी लोक उभ्याने, आरशासमोर, साध्या शर्टावर घालून बघतात. कयाकमध्ये आपण बसलेले असतो, पाय पुढे पसरलेले असतात आणि अंगात लाईफ जॅकेट असतं. बसलं की जॅकेट वर चढतं. भाड्याने मिळणाऱ्या त्या नारिंगी जॅकेटांना तर मानेमागे फोमची जाड कॉलर असते. टोपीची मागची कड त्या कॉलरवर टेकते. तुम्ही जरा वर बघितलं, की कॉलर कडेला ढकलते, कड टोपीला ढकलते आणि टोपी भुवयांवर. आपण वैतागून ती मागे सारतो, दहा वल्ही मारली की पुन्हा तेच.

माझी पहिली टोपी अशी होती. क्रिकेटचे अंपायर घालतात तशी, चहूबाजूंनी रुंद आणि कडक कडेची, पांढरी. दिसायला झकास. सैल आहे असं समजून मी तिच्या आतल्या पट्टीत कागदाच्या घड्या सारल्या. मग ती घट्ट होऊन डोकं दुखायला लागलं, पण सरकायची काही थांबली नाही. शेवटी एकदा किनाऱ्यावर बसल्या बसल्या मैत्रिणीने मागून फोटो काढला, त्यात कॉलरवर उचलली गेलेली कड स्वच्छ दिसली. तोवर पूर्ण उन्हाळा गेला होता.

उपाय सोपा आहे. जॅकेट घालून जमिनीवर बसा, पाय पुढे पसरा, टोपी घाला आणि आकाशाकडे बघा. मग डावीकडे-उजवीकडे खांद्यावरून मागे वळून बघा. कड कॉलरला टेकली तर ती टोपी कयाकसाठी नाही, डोंगरावर घालायला ठेवा. मागे कड अगदी आखूड किंवा मऊ असलेली, नाहीतर मागे नुसतं कापड लोंबणारी टोपी घ्या. शेतात काम करताना बायका डोक्यावरून मानेवर फडकं सोडतात, त्याच प्रकारातली. लोंबतं कापड कॉलरवर पडून राहतं, टोपीला ढकलत नाही. हातात आधीच रुंद टोपी असेल तर मागची कड वर दुमडून दोन टाके घाला आणि मानेला सुती पंचा गुंडाळा. दिसायला कसंतरीच दिसतं, पण चालतं.

एक करू नका. टोपीसाठी जॅकेट सैल करू नका आणि कॉलर कापू तर मुळीच नका. आमच्यातल्या एकाने कात्री हातात घेतली होती म्हणून सांगते. पाण्यात पडल्यावर डोकं वर धरायला ती कॉलर असते.

टोपी उडते

आपल्या बॅकवॉटरची ठेवण अशी, की धरणाची भिंत पूर्वेला आणि पाणी पश्चिमेकडे पसरलेलं. पावसाळ्याच्या तोंडाला वारा पश्चिमेकडून येतो आणि उघड्या पाण्यावरून थेट अंगावर. म्हणजे जाताना तो समोरून पुढच्या कडेखाली शिरतो आणि येताना पाठीमागून मागच्या कडेखाली. जाताना टोपी टिकली म्हणून निर्धास्त झालेल्यांच्या टोप्या परतताना जातात. माझी दुसरी अशीच गेली. वल्हं दोन्ही हातांत, टोपी धरायला तिसरा हात कुठून आणणार? सोडून दिली.

हनुवटीखालची दोरी असली की झालं, असं वाटतं. पण दोरी कुठे शिवली आहे ते बघा. पुष्कळ टोप्यांना ती कडेच्या मुळाशी, कानांच्या पुढे, दोन बारीक टाक्यांनी अडकवलेली असते. समोरून झोत आला की टोपी दोरीभोवती मागे उलटते, गळ्याशी फास बसतो आणि टोपी पाठीवर छत्रीसारखी फुगते. दोरी कानांच्या पुढून एक आणि मागून एक अशी दोन जागी धरलेली हवी. हेल्मेटचा पट्टा असतो तशी.

मी पंचवटीतल्या एका शिंप्याकडे ती करून घेतली. मामांनी टोपी उलटी करून बोटं फिरवली आणि म्हणाले, "ताई, दोरी नुसती शिवली तर कापड फाटेल. आतून पट्टी लावतो, तिच्यावर शिवतो." तळहाताएवढा डेनिमचा तुकडा शोधला, त्याच्या चार चिंध्या केल्या आणि टोपीच्या आत चार ठिकाणी बसवल्या. मग दोरी कोणती घ्यायची यावर आमचा वाद झाला. मला इलॅस्टिक हवं होतं. ते म्हणाले, "इलॅस्टिक वाऱ्याबरोबर ताणणार, मग फायदा काय?" बरोबर होतं त्यांचं. जॅकेटच्या टोपीला असते तशी गोल नाडी आणि दाबून सरकवायचं प्लास्टिकचं टॉगल लावलं. चाळीस रुपये घेतले. त्या टोपीची दोरी आजतागायत निघालेली नाही.

टॉगल हवंच, गाठ नको. कयाक उलटली तर एका हाताने, न बघता सोडवता आलं पाहिजे. आणि वाहत्या पाण्यात, खडकांत जाणार असाल तर हा सगळा लेख विसरा. तिथे हेल्मेटच लागतं.

दोरी नको असेल त्यांच्यासाठी दुसरी युक्ती. टोपीच्या मागच्या काठापासून जॅकेटच्या मागच्या पट्ट्यापर्यंत वीतभर दोरी, दोन्ही टोकांना चिमटा. टोपी उडेल, पण जाणार नाही, पाठीवर लटकत राहील. चष्म्याच्या दोरीसारखंच. साध्या कॅपला हे छान चालतं, रुंद टोपीला नाही, कारण ती पाठीवर पतंगासारखी थाडथाड आपटत राहते.

धरणाच्या वरच्या अंगाला, काठावर शेळ्या राखणाऱ्या एक आजी आमचा हा सगळा तमाशा बघत असतात. एकदा मी उघड्या डोक्याने काठाला लागले तर म्हणाल्या, "उडाली का गं टोपी? आम्ही इरलं घ्यायचो लावणीला. वाऱ्याकडं पाठ करायची, मग कुठं जातंय ते." मला ते फार पटलं. त्र्यंबक-इगतपुरीकडे भाताच्या लावणीला बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असायचं. ते डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं, कारण लावणी करणारं माणूस वाकलेलं असतं. त्याचं आकाश म्हणजे त्याची पाठ. आपण कयाकमध्ये ताठ बसतो आणि वाऱ्याकडे पाठ करायची सोय नसते, जायचंच पश्चिमेला असतं. आपल्या कामाला आपला आकार. रोइंग करणाऱ्यांचं तर आणखी निराळं. ते जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेले तो हा प्रकार. त्यांना दर थोड्या वेळाने खांद्यावरून मागे बघावं लागतं, त्यामुळे रुंद कड हा तिथे अडथळाच. तेव्हा रोइंगवाल्या मित्राने सांगितलेली टोपी कयाकला चालेलच असं नाही.

टोपी असूनही तोंड रापतं

याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला. समजा टोपीची कड साडेसात सेंटीमीटर आहे, म्हणजे चार बोटांएवढी, आणि सूर्य समोर आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल तर कडेची सावली कडेखाली साडेसात सेंटीमीटरच पडते, म्हणजे फार तर नाकाच्या शेंड्यापर्यंत. सूर्य ६० अंशांवर गेला की ती तेरा सेंटीमीटरपर्यंत, हनुवटीच्या जवळपास पोचते. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य ४५ अंशांवर साधारण सव्वानऊला येतो आणि ६० वर सव्वादहाच्या पुढे. नेमकं याच वेळी आपण पश्चिमेकडून परत येत असतो, सूर्य तोंडासमोर घेऊन. म्हणजे टोपी असते, पण ओठ आणि हनुवटी उन्हातच. जाताना सूर्य पाठीशी असतो, तेव्हा मान भाजते. संध्याकाळी जाणाऱ्यांचं याच्या उलट.

म्हणून कड कितीही रुंद घेतली तरी सकाळच्या उन्हाला ती पुरी पडत नाही. खालच्या अर्ध्या चेहऱ्याला सनस्क्रीन नाहीतर गळ्यातून नाकापर्यंत ओढता येणारी नळीसारखी पट्टी लागतेच. कडेचा खरा उपयोग सूर्य डोक्यावर असताना. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मेमधला शून्य सावलीचा दिवस सगळ्यांना माहीत असतो. जुलैमधला ढगाआड जातो, म्हणून "आज ऊन कुठंय" म्हणत लोक उघड्या डोक्याने उतरतात. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग खाली येतो. संध्याकाळी कपाळ चुरचुरायला लागलं की कळतं.

"पाण्यावरून ऊन परततं म्हणून रापतो" हे आणखी एक लाडकं वाक्य. डोळ्यांना चमक लागते ती खरी, पण पाण्यावरून परत येणारे अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आतच असतात. उरलेला त्रास उघड्या आकाशाचा. हे किरण हवेत विखुरतात आणि सगळ्या बाजूंनी येतात, आणि पाण्याच्या मध्यावर ना झाड असतं ना भिंत. चमकेवर मात्र एक फुकटचा उपाय आहे. कडेची खालची बाजू गडद रंगाची हवी. माझ्या त्या पांढऱ्या अंपायरछाप टोपीची कड खालूनही पांढरीफेक होती, खालून आलेली सगळी चमक ती डोळ्यांत ओतायची. वरून फिकट, खालून काळी किंवा गर्द निळी-हिरवी घ्या. तशी मिळाली नाही तर कडेखाली काळं कापड शिवून घ्या.

कापड बघायची सोपी रीत म्हणजे ते उजेडाकडे धरायचं. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर ऊनही तिथूनच येणार. गवती टोप्या इथेच नापास होतात. लेबलवर यूपीएफ ५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. पातळ पांढरं सुती कापड याच्या कितीतरी खाली असतं आणि ओलं झालं की आणखी उतरतं. तरीही एप्रिल-मेमध्ये मी जाड सुती टोपीच घालते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात टोपी पाण्यात बुचकळून घातली की अर्धा तास डोकं माठासारखं गार राहतं. जूनमध्ये हवा दमट झाली की ही गंमत संपते, मग तीच टोपी नुसतं ओझं.

पावसात

पावसासाठी मी सर्वांत जास्त पैसे घालवले आणि सर्वांत कमी मिळवलं. पाणी अजिबात न शिरणारी टोपी असते, पण वल्हवताना अंग तापतं आणि जूनच्या दमट हवेत आतला घाम बाहेर पडत नाही. अर्ध्या तासाने टोपी काढली तर केस ओलेच. पावसाने की घामाने, तुम्हीच ठरवा. मेणकापडाची टोपी तर डोक्यावर पाट ठेवल्यासारखी जड.

चष्मा नसेल तर माझं स्पष्ट मत, डोकं भिजू द्या. चष्मा असेल तर मात्र खरा प्रश्न तोच. जॅकेटचा हुड डोक्याबरोबर वळत नाही, मान वळवली की आपण हुडाच्या आतल्या बाजूकडे बघत बसतो आणि त्याच्या काठावरचं पाणी काचेवर गळतं. यावर चालणारी एकच गोष्ट मला सापडली. साधी, लांब आणि कडक चोचीची कॅप घाला, तिच्यावर हुड ओढा आणि हुडाची नाडी आवळा. हुड कॅपला चिकटून डोक्याबरोबर फिरतो आणि पाणी चोचीच्या टोकावरून काचांच्या पुढे पडतं. मानेवर पाणी येत नाही. गंगापूर रोडवर स्कूटर चालवतानाही हाच प्रकार कामी येतो, अर्थात हेल्मेटखाली नाही.

फक्त चोचीच्या आत काय आहे ते आधी तपासा. स्वस्त कॅपमध्ये पुठ्ठा असतो. पहिल्या सरीत तो पाणी पितो, दुसऱ्या सरीत चोच भिजलेल्या पापडासारखी नाकावर लोळते आणि घरी वाळत घातली की सुरकुतून कायमची वाकडी. माझ्या एका कॅपच्या शिवणीतून तर पुठ्ठ्याचा राखाडी लगदा गालावर ओघळला होता. चोच हलकेच वाकवून सोडा. प्लास्टिक असेल तर लगेच सरळ होते, पुठ्ठा असेल तर वळीची रेघ राहते. दुकानदार ओरडण्याआधी बघून घ्या.

नायलॉनच्या टोपीवर थेंब मोत्यासारखे घरंगळायचे आणि आता कापड पाणी पितं, अशी तक्रार असेल तर टोपी लगेच टाकू नका. त्यावरचा लेप मळाने आणि साबणाने दबतो. साध्या पाण्यात खळखळून धुवा, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य चुकूनही वापरू नका. वाळल्यावर वरून सुती रुमाल ठेवून कोमट इस्त्री फिरवा, लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर. बऱ्याचदा थेंब पुन्हा घरंगळू लागतात. तरीही पाणी शिवणीतून येत असेल तर ते त्या टोपीचं नशीब.

जुलैमध्ये टोपी वाळत नाही आणि तिला बुरशीचा वास लागतो. पिशवीत कोंबून ठेवलेली टोपी पुढच्या रविवारी उघडायची हिंमत होत नाही. पंख्याखाली, फुगवलेल्या फुग्यावर चढवून ठेवली की रात्रीत वाळते आणि आकारही राहतो. केस लांब असतील तर मागे फट असलेली टोपी घ्या. अंबाड्यावर बसवलेली टोपी वाऱ्याच्या आधीच अर्धी उडालेली असते.

आणि वळवाचा पाऊस, म्हणजे गडगडाट आणि विजा असतील, तर ऊन-पावसाच्या टोपीचा विचार काठावर, पक्क्या घरात बसून करा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकं असतं.

माझ्याकडे आता दोन आहेत. मार्च ते मे जाड सुती, मागे फडकं असलेली, मामांच्या दोरीची. जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या चोचीची कॅप, चिमट्याच्या दोरीसकट. दोन्ही मिळून खर्च त्या महागड्या पाणीरोधक टोपीच्या अर्ध्याहून कमी आला.

ती महागडी हीच माझी तिसरी गेलेली. तिच्या कडेत फोम होता, ती बुडत नाही असं लेबलवर लिहिलेलं होतं आणि ते खरं निघालं. मेमध्ये पाणी उतरल्यावर काठाच्या गाळपेरीत आम्ही कयाक ओढत चाललो होतो, तर वांग्यांच्या वाफ्यात एका बुजगावण्याच्या डोक्यावर ती दिसली. मडक्याच्या हनुवटीखाली सुतळीने दोन जागी घट्ट बांधलेली.